ॲपइमेजवर डबल क्लिक केलं, काहीच झालं नाही?

अरे, फाइल बिघडलेली नाही. ॲपइमेज म्हणजे एकाच फाइलमध्ये भरलेलं लिनक्सचं ॲप, जणू घरून आणलेला डबा. लागणाऱ्या बहुतेक लायब्ररी (ॲप ज्यांच्या आधाराने चालतं ते तयार कोडचे भाग) आतच असतात, इन्स्टॉल काही करायचं नसतं. फक्त डाउनलोड केलेल्या फाइलला लिनक्स चालायची परवानगी आपणहून देत नाही. राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी दे.

तरी गप्पच? मग टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून चालव, म्हणजे तिची तक्रार वाचता येईल. उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीपासून 'लिबफ्यूज२' हे पॅकेज आधीपासून बसवलेलं नसतं आणि जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला तेच लागतं. २४.०४ मध्ये त्याच पॅकेजचं नाव 'लिबफ्यूज२टी६४' आहे. नुसतं 'फ्यूज' मात्र टाकू नकोस. मी घाईत टाकलं आणि डेस्कटॉपचे निम्मे भाग उडाले! मग ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ठाण्याहून वाशीला, मशीन ज्यावरून सुरू करता येतं असा मित्राकडचा बूट होणारा पेनड्राइव्ह आणायला.

पेनड्राइव्हवरून आठवलं: ॲपइमेज पेनड्राइव्हवर असेल आणि तो फॅट३२ फॉरमॅटचा असेल, तर चालायची परवानगी त्यावर टिकत नाही, फाइल आधी होम फोल्डरमध्ये कॉपी कर. आणि सुडो (ॲडमिनचे अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवायचा मोह नको. भलत्या साइटवरून उचललेली फाइल असेल, तर अख्ख्या मशीनच्या किल्ल्या तिच्या हातात जातील.