टोंगारिरोला निघण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

न्यूझीलंडला जाऊन टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग, म्हणजे टोंगारिरो ज्वालामुखीवरून जाणारी एका दिवसाची डोंगरवाट, करणार, तेही गाईडसोबत, हे वाचून फार आनंद झाला. पण पूर्ण सहलीत त्यासाठी एकच दिवस ठेवलास, ते मात्र मला अजिबात पटलं नाही. हवा बिघडली तर दिवस बदलता यावा म्हणून मागेपुढे किमान दोन दिवस मोकळे ठेव.

सुमारे वीस किलोमीटरची चाल, सात-आठ तास. सह्याद्रीत फिरलेल्या तुला तेवढं अंतर जड नाही. उन्हाळ्यात वाटही चुकत नाही, जागोजागी खांब रोवलेले आहेत. मग गाईड कशाला? तर आज पुढे जायचं की नाही, हे ठरवायला. सर्वांत उंच जागा म्हणजे रेड क्रेटर या विवराची धार, 1886 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम अडीचशे मीटर वर. पण तिथे आडोशाला एक झाड नाही. डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा, तरीही वारा सुटला की उभं राहणं मुश्कील होतं आणि बोटं बधिर होतात. शिवाय वाट एकेरी आहे: मांगाटेपोपोच्या टोकाकडून चढायचं, केटेटाहीच्या टोकाला उतरायचं. धार ओलांडली की मागे फिरणंही पुढे जाण्याइतकंच लांब पडतं. म्हणून धारेच्या आधी लागणाऱ्या साऊथ क्रेटरच्या सपाटीवर गाईड थांबून आभाळ बघेल. तो परत फिरू म्हणाला तर हुज्जत घालू नकोस. पैसे भरलेत, सुट्टी संपतेय, ही कारणं तिथे काढायचीच नाहीत.

धारेवरून पाचूच्या रंगाच्या तळ्यांकडे (एमराल्ड लेक्स) उतरताना सगळा घसारा आहे, ज्वालामुखीच्या राखेचा आणि सुट्या खड्यांचा. पायाच्या चवड्यावर भार दिलास की घसरलास. टाच रोवायची, गुडघे सैल सोडायचे, पुढच्या माणसापासून अंतर ठेवायचं. डावी-उजवीकडे जमिनीतून वाफ निघत असते, गंधकाचा वास नाकात बसतो. हा डोंगर जागा आहे बरं का. 2012 च्या ऑगस्टमध्ये याच्याच टे मारी विवरातून उद्रेक झाला होता.

तळ्याच्या पाण्यात हात घालू नकोस. काठावर बसून डबाही खाऊ नकोस, विशेषतः पुढच्या निळ्या तळ्याजवळ (ब्लू लेक). न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींसाठी हे पाणी आणि ही शिखरं पवित्र आहेत. न्गाटी टूफारेटोआ जमातीच्या टे हेउहेउ टूकिनो चौथे या प्रमुखांनी 1887 मध्ये ही शिखरं राष्ट्राला दिली, त्यातूनच तिथलं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. 1993 मध्ये सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारशाच्या यादीत जाणारं ते जगातलं पहिलं ठिकाण. वाटेलगतच्या न्गाउरुहोई ज्वालामुखीच्या शिखरावर चढू नका, अशी विनंती आता केली जाते. फोटोसाठी कुणी चढताना दिसलं तरी तू जाऊ नकोस. आपल्या गडावरच्या देवळात चपला घालून कुणी शिरलं तर आपल्याला कसं वाटतं, ते तुला ठाऊकच आहे.

पाणी तीन लिटर घे, वाटेत पिण्याजोगं मिळत नाही. जीन्स नको, लोकरीचा थर आणि पावसाचं जाकीट मात्र ऊन असलं तरी सॅकमध्ये हवंच.

आणि निघण्यापूर्वी बूट ब्रशने घासून धू, तळव्याच्या खाचांतली माती पूर्ण काढ. न्यूझीलंडच्या विमानतळावर वापरलेले ट्रेकिंगचे बूट जाहीर करावे लागतात, फॉर्मवर ते विसरू नकोस.

तुझा,
काका