व्याख्यानाला कोण जाणार?

(चिंचवडहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा नववीत. सातवीपासून त्या त्याला पुण्यात होणाऱ्या खगोल आणि भौतिकशास्त्राच्या जमेल त्या प्रत्येक जाहीर व्याख्यानाला नेतात. मिळालेल्या प्रमाणपत्रांच्या दोन फायली झाल्या आहेत. व्याख्यानानंतर विचारायचा प्रश्न त्या घरीच तयार करून देतात आणि तो विचारतानाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. मागच्या महिन्यात गुरुत्वीय लहरींवरच्या व्याख्यानात मुलाने हात वर केला नाही. त्यावरून भांडण झालं, आणि आता तो 'मला कुठेच यायचं नाही' म्हणतो. सहामाहीत विज्ञानात ७१, गणितात ५८. आईंचा प्रश्न असा: आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थेच्या प्रवेशासाठी कोणत्या व्याख्यानांना जास्त महत्त्व आहे, आणि मुलाचं स्टेज डेअरिंग कसं वाढवायचं?)

नमस्कार ताई,

गुणांकडे मी शेवटी येते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी परत परत वाचलं: 'स्कूटरवर मागे बसून तो अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलला नाही.' चौदा वर्षांचा मुलगा, रविवारची सकाळ, दोन तास अवघड विषय ऐकलेला, आणि परतताना आई रागावलेली. कशासाठी, तर दुसऱ्याने लिहून दिलेला प्रश्न त्याने दोनशे लोकांसमोर वाचला नाही म्हणून. यात स्टेज डेअरिंगचा काही संबंध नाही. त्याला लाज वाटली असणार, आणि ती वाटणं मला निरोगी लक्षण वाटतं. प्रश्न आपला नाही हे त्याला माहीत होतं.

अशा व्याख्यानांना मीही जाते. प्रश्नोत्तरं सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या रांगेत एखादी आई किंवा बाबा मुलाला कोपराने ढोसत असतात. मूल उठतं, चिठ्ठीवर बघत घाईघाईने प्रश्न वाचतं आणि उत्तर सुरू व्हायच्या आत खाली बसून आईकडे बघतं. वक्ता मन लावून उत्तर देत असतो आणि मुलाचं लक्ष 'बरोबर वाचलं ना?' यातच अडकलेलं असतं. डॉ. जयंत नारळीकर शाळकरी मुलांना स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, म्हणत, आणि उत्तर सहीनिशी पाठवत. मुलाला घरी जाऊन, कुणी बघत नसताना, स्वतःचा प्रश्न शोधायला लावणारी ती युक्ती होती. तुम्ही त्याच्याकडून नेमकं उलटं करून घेताय.

आता प्रमाणपत्रांचं. जाहीर व्याख्यानाला हजर राहिल्याच्या प्रमाणपत्राला आयसरच्या प्रवेशात शून्य किंमत आहे. थोडीसुद्धा नाही. तिथे बारावीनंतरच्या आयएटी या आयसरच्याच प्रवेशपरीक्षेतल्या कामगिरीवर प्रवेश मिळतो. 'प्रोफाइल तयार करा' हा सल्ला परदेशी विद्यापीठांच्या अर्जांवरून आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी उचलला आणि सरसकट सगळ्यांना विकला. तिथेही मूल कुठे बसून आलं यापेक्षा त्याने काय केलं हे बघतात. ही व्याख्यानं मुळात कुणाला निवडण्यासाठी नसतातच. पुण्यातली खगोलसंशोधन संस्था आयुका दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांना बोलावते, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ २००९ पासून 'चाय अँड व्हाय?'मध्ये जुहूच्या पृथ्वी थिएटरात रविवारी सकाळी लोकांशी गप्पा मारतात, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाश दाखवते आहे. या सगळ्यांच्या मागे एक साधी भावना आहे: विज्ञान लोकांचं आहे, कुणीही यावं. तिथे हजेरीचा हिशेब ठेवायला लागलो की व्याख्यानाचीही शिकवणी होते. तुमच्या मुलाच्या आयुष्यात शिकवण्या आधीच पुरेशा आहेत.

आणि आता मला तुमच्याबद्दल बोलायचं आहे. मुलाने न विचारलेला प्रश्न तुम्ही पत्रात लिहून पाठवलात: गुरुत्वीय लहर अवकाशच ताणत असेल, तर मोजणारा प्रकाशही ताणला जाईल, मग फरक कळणार कसा? 'दोन रात्री विचार करून काढला,' असं तुम्ही कंसात लिहिलंय. ताई, हा प्रश्न फार चांगला आहे. या विषयातली माणसंही तो गंभीरपणे चर्चेला घेतात. अमेरिकेतली लायगो वेधशाळा दोन लांब भुजांमध्ये लेसरचा प्रकाश सोडून या लहरी टिपते. तिची प्रत्येक भुजा ४ किलोमीटर लांब आहे आणि लहर जाताना तिच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी पटींनी लहान असतो. भुजेत असलेला प्रकाश ताणला जातो, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण तो तिथे थांबून राहत नाही, मागून सतत नवा प्रकाश येत असतो. दोन भुजांतून परतणारा प्रकाश एकमेकांच्या किती मागेपुढे पोहोचतो, एवढंच तिथे मोजतात. लांबलेल्या भुजेतून यायला प्रकाशाला जास्त वेळ लागतो, आणि तो फरक लपत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली ती अशी. अशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे.

पत्राच्या तळाशी तुम्ही लिहिलंय की बारावीला फिजिक्स तुमचा आवडता विषय होता, पण घरच्यांनी डी.एड.ला घातलं. मग माझा सल्ला असा: पुढच्या व्याख्यानाला तुम्ही जा. एकट्या. प्रश्न तुमचा आहे, तुम्ही उभं राहून विचारा. वयाची अट बहुतेक ठिकाणी नसते. मुलगा घरी झोपला तरी चालेल. तुमची राहून गेलेली आवड खरी आहे, ती जपा, पण ती त्याच्या खांद्यावर ठेवू नका.

त्याची आवड कुठे आहे, तेही तुमच्याच तक्रारीत सापडतं. वांगणीला आकाशदर्शनाला नेलं तेव्हा 'शनीची कडी बघायला रांगेत उभा राहिला नाही, दुर्बिणीचा स्टँड कसा फिरतो तेच बघत बसला आणि तिथल्या दादाला मोटरबद्दल विचारत राहिला'. तुम्ही हे लक्ष नसल्याचं उदाहरण म्हणून दिलंय. मला तर पूर्ण पत्रात त्याने स्वतःहून विचारलेला तेवढाच एक प्रश्न दिसला! त्याला आकाशाआधी यंत्र दिसतं. अशी माणसं खगोलशास्त्राला फार हवी असतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या डिश भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी बसवून केल्या, म्हणून वारा आरपार जातो, वजन कमी राहतं आणि खर्चही आवाक्यात राहिला. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेर, तिथे लोकांना आत सोडतात, आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. त्याला यायचं असेल तरच न्या. मोबाइलच्या लहरींचा दुर्बिणीला त्रास होतो, म्हणून तिथे फोन बंद ठेवायला सांगतात. व्हिडिओचा प्रश्नच मिटला. आरसा घासून स्वतः दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळाही आयुकात आणि हौशी मंडळांत होत आल्या आहेत. त्यातली एखादी त्याला फक्त सांगून ठेवा, नाव परस्पर घालू नका.

परीक्षांचं थोडक्यात. नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आणि एनएसईजेएस, म्हणजे कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा, आहे, हौस असेल तर द्यावी. बारावीनंतर आयएटी आणि नायसरसारख्या विज्ञानसंस्थांसाठीची नेस्ट. यंत्रांकडेच ओढा राहिला तर इंजिनिअरिंगही तितकाच चांगला रस्ता आहे, वेधशाळांना लेसर, निर्वात नळ्या, सर्व्हो मोटर सांभाळणारे लोक लागतातच. विज्ञानातले ७१ अगदी ठीक आहेत. गणितातल्या ५८ कडे मात्र बघायला हवं, कारण अकरावीचं फिजिक्स बीजगणितावर चालतं. शिक्षकांना पेपर दाखवून नेमकं कुठे अडतंय ते विचारा.

फायली कपाटात ठेवून द्या. ग्रुपवरचे जुने व्हिडिओ ठेवायचे की काढायचे, हे त्याला विचारा आणि तो म्हणेल तसं करा. त्याला मला काही लिहावंसं वाटलं तर जरूर लिहू दे, फक्त पाठवण्याआधी ते वाचून दुरुस्त करू नका.