२००८ च्या संकटात आपल्या बँका कशा तरल्या?

प्रश्न : २००८ मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली. आपल्या बँका का बुडाल्या नाहीत?

उत्तर : मी तेव्हा बँकेच्या कर्जविभागात होते. माझ्या मते खरं श्रेय आधीच्या सावधगिरीला. घरकर्जामागे जास्त भांडवल राखा, असं रिझर्व्ह बँकेने २००४ मध्येच बजावलं होतं. त्यावर बरीच कुरकुर झाली, पण तोच नियम कामी आला. अमेरिकेतल्या त्या विषारी रोख्यांतही (म्हणजे फेडली न जाणाऱ्या घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांत) आपल्या बँकांचा पैसा फारसा नव्हता.

झळ मात्र लागलीच. परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढला, रुपया घसरला, सुरतेत हजारो हिरे कारागिरांचं काम गेलं. (त्यांच्याबद्दल फार कमी बोललं गेलं!) रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणला, सरकारने उत्पादन शुल्कही घटवलं. या सवलती लांबल्या, हे मला पटलं नाही; पुढे सरकारची तूट आणि महागाई दोन्ही वाढली.