एवढं भरूनही कर्ज तेवढंच

पत्र : आम्ही भांडुपला राहतो. दोघांचा मिळून पगार 54,000 हातात येतो; यांच्या पतपेढीचा हप्ता त्याआधीच कापला जातो. पर्सनल लोनचे 2,40,000 शिल्लक आहेत, 15 टक्क्यांनी, हप्ता 8,900. क्रेडिट कार्डावर 84,000 होते. मार्चपासून पाच महिने न चुकता 4,200 भरले, तरी गाडं 80,000 वरच अडलं. मग गणपती आले आणि आणखी 12,000 कार्डावर गेले. वाण्याची उधारी 6,500, दिरांचे हातउसने 40,000. मार्चमध्ये हौसेने हिशेबाची वही घातली होती, आता ती उघडवत नाही. हे म्हणतात, कशाला जीव मारायचा, फिटेल तेव्हा फिटेल. यांच्या ऑफिसातले सांगतात, कार्डाचं सेटलमेंट करून टाका. लग्नातल्या पाटल्या कपाटात आहेत, पण विकायला मन होत नाही. महिन्याला पाचेक हजार उरायला हवेत, ते कुठे जातात कळत नाही. अजून तीन वर्षं उत्साह टिकवायचा कसा?
— एक थकलेली सून

उत्तर :

ताई, तुमच्या यजमानांना आळशी ठरवू नका. त्यांना जे दिसतंय ते खरंच आहे, कर्ज हललेलं नाही. तुमच्या कार्डाचा व्याजदर स्टेटमेंटच्या मागच्या पानावर बघा. महिन्याला साडेतीन टक्के धरू, बऱ्याच कार्डांचा तेवढा असतोच. 84,000 वर त्याचे 2,940 होतात, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,470 च्या आसपास. तुम्ही भरत होता 4,200. पाच महिन्यांत 21,000 गेले, त्यातले 17,000 व्याज आणि करात मुरले. मुद्दल हललं जेमतेम चार हजारांनी. आता 92,000 वर महिन्याचा खर्च 3,800 होतो. त्याच 4,200 नी फेडत राहिलात आणि कार्डाला परत हात लावला नाहीत, तरी जवळजवळ पाच वर्षं लागतील. अशा कामात कुणाचाही उत्साह टिकणार नाही, आणि टिकला नाही म्हणून मनाला लावून घ्यायचंही कारण नाही.

म्हणून आधी हे कर्ज स्वस्त करा. पाटल्या विकायच्या नाहीत, बँकेत तारण ठेवायच्या. सोनेतारण कर्ज बँकेत साधारण 10 टक्क्यांच्या आसपास मिळतं. 92,000 दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता 4,245 बसतो. आज कार्डावर जाते तेवढीच रक्कम, पण चोवीस महिन्यांत संपणारी. किमतीच्या साधारण तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्त कर्ज मिळतं. घडणावळ धरत नाहीत आणि खड्यांचं वजन वजा होतं. पावतीवर निव्वळ वजन आणि कॅरेट लिहून घ्या.

इथे एक फसगत नेहमी होते. सोनेतारणाच्या बऱ्याच योजनांत वर्षभर काही भरायचं नसतं, मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम. ऐकायला बरं वाटतं. वर्ष संपतं तेव्हा एक लाखाच्या वर रक्कम समोर उभी राहते, ती नसली की नोटीस आणि पुढे लिलाव. काउंटरवर स्पष्ट सांगा, दर महिन्याला हप्ता कापला जाणारं कर्ज हवं. नाही म्हणाले तर दुसरी बँक बघा. पाटल्या ठेवणं अजिबातच जमत नसेल, तर कार्डाच्या बँकेकडूनच थकबाकी हप्त्यांत बदलून घ्या. त्याला सोन्यापेक्षा जास्त व्याज पडतं आणि प्रोसेसिंग फीही लागते, तरी साडेतीन टक्के महिन्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

पैसे हातात आले की स्टेटमेंटवरचा आकडा भरून मोकळ्या होऊ नका. स्टेटमेंट निघाल्यापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या महिन्यात येतंच, आणि बंद झालं म्हणता म्हणता हजार-दोन हजार उरतात. फोन करून त्या दिवशीची पूर्ण रक्कम विचारा आणि तेवढी भरा. मग कार्ड बंद करायला ईमेलने कळवा. बाकी शून्य असेल तर बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं. उशीर केला तर दिवसाला 500 रुपये तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काही जण सल्ला देतील, कार्ड राहू द्या, सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, बरं. तुमच्या घरात मी तो मानणार नाही. रिकामं झालेलं कार्ड पुढच्या गणपतीत परत भरतं. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही आजच काढा. थकबाकी असलेल्या कार्डावर बिनव्याजी मुदत मिळत नाही. स्टेशनबाहेर स्कॅन करून घेतलेल्या वडापाववर त्याच दिवसापासून व्याज लागतं.

सेटलमेंटचं, म्हणजे बँकेशी तडजोड करून थकबाकीपेक्षा कमी रक्कम भरून खातं मिटवण्याचं, एकदाच सांगते. ज्याचे हप्ते महिनोन्‌महिने थकलेत आणि भरायची कुवतच नाही, त्याचा तो मार्ग. सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलं जातं, आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की पहिला प्रश्न त्यावरच येतो. तुम्ही नियमित भरताय. विषय सोडून द्या.

आता गणपती. तुम्ही त्याला अचानक आलेला खर्च म्हणाल, पण तो भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेला असतो. तुमची योजना मोडली ती याच ठिकाणी. तीत फक्त महिन्याचे खर्च होते, वर्षाचे नव्हते. मखर, प्रसाद, पाहुणे आणि गावी गेलात तर गाडीभाडं असे गणपतीचे 15,000 धरा. जूनमध्ये शाळेचे गणवेश, वह्या, बस, छत्र्या-रेनकोट मिळून 14,000. दिवाळी 8,000, आहेर 5,000. झाले 42,000, म्हणजे महिन्याला 3,500. आकडे माझे आहेत, तुमचे घाला. हे पैसे पगाराच्या खात्यात ठेवू नका. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडा, त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड घेऊ नका. शाखेत रांग लावून पैसे काढावे लागले की निम्मे खर्च आपोआप रद्द होतात.

पाच हजार कुठे जातात ते शोधत बसू नका. पगार झाला त्याच दिवशी ते वाटून टाका. पहिले दोन महिने वाण्याला 3,250 द्या. त्याचा हिशेब नियमाने शेवटी यायला हवा, कारण तो व्याज घेत नाही. तरी मी त्याला पुढे काढते. त्याच्या दुकानावरून तुम्ही रोज जाता आणि रोज मान खाली घालता, हे ओझं आधी उतरू दे. वहीवर शेवटची रेघ मारून घ्या आणि पुढचं सामान रोखीने आणा, थोडं कमी आणलं तरी चालेल. तिसऱ्या महिन्यापासून ते 3,500 सणांच्या खात्यात. दिरांना पहिल्या महिन्यापासून 1,000, ठरलेल्या तारखेला, न मागता. हजाराने चाळीस महिने लागतील हे त्यांनाही कळतं, पण हातउसने देणाऱ्याला रकमेइतकीच तारीख महत्त्वाची वाटते. वहिनी टाळतात, असं वाटायला लागलं की गणपतीच्या आरतीलाही तोंड दाखवायला संकोच होतो.

यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी प्रत्येकी 250 रुपये वेगळे ठेवा, ज्यांचा हिशेब एकमेकांना विचारायचा नाही. चहा-सिगरेटवरून रोज वाद घालणाऱ्या घरात कर्जाची वही पहिली बंद पडते. पैसे वाचवायचेच असतील तर जिथे रोज मन मारावं लागत नाही तिथे वाचवा. लोकलचा तिमाही पास काढला तर तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, आणि तीन महिने विसरून जाता येतं.

वही बंदच राहू दे. त्याऐवजी कॅलेंडर. एकूण कर्ज लिहू नका, तो आकडा पुढची दोन वर्षं मोठाच दिसणार. हप्त्याच्या तारखेच्या चौकोनात दोनच गोष्टी लिहा: किती हप्ते उरले, आणि या महिन्यात मुद्दल किती उतरलं. पर्सनल लोनचे आज तेहेतीस हप्ते राहिलेत. या महिन्याच्या 8,900 पैकी 3,000 व्याज आणि 5,900 मुद्दल आहे. दुसरा आकडा दर महिन्याला सत्तर-पंचाहत्तर रुपयांनी वाढत जाईल, पुढे थोडा जास्त. पैसे तेवढेच भरायचे आणि कर्ज जास्त फिटायचं, हे यांना चौकोनात दिसू दे. परतफेडीचा तक्ता बँकेच्या ॲपवर मिळतो, लिहायचं काम यांच्याकडेच द्या.

यांना दिवाळीला बोनस मिळत असेल तर तो हातात येण्याआधी वाटा. 30,000 आले असं धरा. 10,000 दवाखान्यासाठी बाजूला, कारण कार्ड गेल्यावर अडीअडचणीला काहीतरी हवं. 5,000 फराळ आणि कपड्यांना, यंदा सणांचं खातं अजून रिकामं आहे म्हणून. उरलेले 15,000 पर्सनल लोनच्या मुद्दलात. त्याने साधारण अडीच हप्ते कमी होतात, म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास व्याज वाचतं. आधी बँकेला विचारा, मध्येच भरलेल्या रकमेवर किती दंड आहे आणि आत्ता भरता येतं का. काही बँका पहिले बारा हप्ते होईपर्यंत घेत नाहीत. भरताना ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी द्या. तसं सांगितलं नाही तर काही ठिकाणी हप्ता कमी करतात, आणि सुटलेले शे-दोनशे घरखर्चात मिसळून जातात.

आणि एखादा महिना बिघडेलच. कुणाला डेंग्यू होईल, पगाराला उशीर होईल. तेव्हा सणांच्या खात्यात भरू नका, दिरांना फोन करून पुढची तारीख सांगा, पण बँकेचा हप्ता परत जाऊ देऊ नका. तो परत गेला की कर्ज देणारी बँकही दंड लावते आणि तुमच्या खात्याची बँकही, शिवाय नोंद सिबिलला जाते. हप्त्याची तारीख पगाराच्या आधीची असेल तर ती बदलून मागा, पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांनी. या आठवड्यात एवढ्या दोन गोष्टी करा: हा अर्ज, आणि पाटल्यांचं वजन.