फर्निचरच्या दुकानाच्या वेबसाइटवर थ्रीडी मॉडेल दाखवायचं आहे. कोणतं टूल शिकू आणि फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुमच्या काकांचं नागपूरच्या लकडगंजात फर्निचरचं दुकान आहे, वेबसाइट तुम्हीच बनवताय, आणि सोफा-पलंग गिऱ्हाइकाला बोटाने फिरवून पाहता यावेत अशी काकांची इच्छा आहे. गेम बनवायचं युनिटी शिकावं, की ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणाऱ्या थ्री-जेएस, बॅबिलॉन या कोडच्या लायब्रऱ्यांपैकी एखादी, आणि मॉडेल ओबीजे, एफबीएक्स, जीएलटीएफ यांपैकी कशात ठेवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी नागपुरातच हे काम करतो, दहा-बारा वर्षं झाली. तुम्ही टूल आधी विचारलंत आणि फॉरमॅट मागून. मी क्रम उलटा लावतो. आधी काकांच्या गिऱ्हाइकाच्या हातात कोणता फोन असतो ते बघायचं, मग फाइल ठरवायची. टूल त्यातून जवळजवळ आपोआपच ठरतं.

हे मला फुकट कळलेलं नाही. सुरुवातीला एका बिल्डरसाठी फ्लॅट आतून फिरून बघायचं काम केलं होतं, ब्राउझरच्या प्लगिनवर चालणारं. २०१५ मध्ये क्रोमने तसली जुनी प्लगिनं पूर्णच बंद केली, बाकीचे ब्राउझरही मागोमाग गेले, आणि आमचं काम एका सकाळी नुसता करडा चौकोन होऊन बसलं. काम गेल्याचं दुःख कमीच होतं. खरा फटका हा की मॉडेलं वेगळी कुठे जपलीच नव्हती. सगळं त्या टूलच्या प्रोजेक्टमध्ये कोंबलेलं. सोफ्यापासून नळाच्या तोटीपर्यंत पुन्हा बनवायला घ्यावं लागलं.

तर फॉरमॅट. वेबसाठी जीएलटीएफ, आणि त्यातलं एकाच फाइलीत सगळं बांधून देणारं रूप, म्हणजे जीएलबी. क्रोनोस नावाचा कंपन्यांचा संघ हे मानक सांभाळतो, ब्राउझरमध्ये थ्रीडी काढायची सोय म्हणजे वेबजीएल सांभाळतो तोच. जीएलटीएफची दुसरी आवृत्ती २०१७ ची, आणि २०२२ मध्ये ते आयएसओ मानकही झालं. मॉडेलचे बिंदू आणि त्रिकोण फोनच्या ग्राफिक्स चिपला जसे लागतात जवळपास तशाच मांडणीत यात असतात, म्हणून ब्राउझरला फार डोकं लावावं लागत नाही. ओबीजे १९८० च्या दशकातलं आहे. साधा मजकूर, ॲनिमेशन नाही, मटेरियल, म्हणजे रंग-चकाकीची माहिती, वेगळ्या फाइलीत, आणि ती फाइल नेहमी हरवते. एफबीएक्स ऑटोडेस्क कंपनीचं बंदिस्त फॉरमॅट. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायला ठीक, वेबसाइटवर चढवायला नाही. एसटीएल थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांसाठी, त्याच्या प्रमाणित रूपात रंगसुद्धा नसतो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. जीएलबी ही भाजलेली पोळी आहे, तिची परत कणीक होत नाही. ब्लेंडर, म्हणजे मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, त्याची मूळ फाइल वेगळी, तारखेनिशी, दोन ठिकाणी ठेवा. उद्या नवं फॉरमॅट आलं तर तिच्यातून पुन्हा काढता येईल.

आता खरी गंमत सांगतो, कारण बाकीची उत्तरं इथे फॉरमॅटचं नाव सांगून थांबतील. मागे एका दुकानासाठी सागवानी बंगई केली होती. (नागपूरबाहेरच्यांसाठी: बंगई म्हणजे झोपाळा.) सहा फुटी पाट, चार कोपऱ्यांना चार पितळी साखळ्या, वर गादी. दिसायला सोपं काम. पहिली जीएलबी फोनवर उघडली तर बोट फिरवल्यावर बंगई अर्ध्या सेकंदाने हलायची.

तपासलं तर पाटाला जेमतेम काहीशे त्रिकोण. सगळा भार साखळ्यांचा. एकेका साखळीत ६० कड्या, चार साखळ्यांच्या २४०. कडी म्हणून मी ब्लेंडरमधला तयार टोरस, म्हणजे कड्याचा आकार, टाकला होता, जसाच्या तसा. तो ४८ गुणिले १२ भागांचा असतो, म्हणजे ५७६ चौकोन, ११५२ त्रिकोण. २४० कड्यांचे झाले २ लाख ७६ हजार. नखाएवढी दिसणारी कडी एवढी गुळगुळीत कशाला हवी बाप्पा? १२ गुणिले ६ केल्यावर कडीला १४४ त्रिकोण उरले, सगळ्या मिळून साडेचौतीस हजार, आणि फरक कुणाला दाखवूनही कळला नाही. दुसरं दुखणं असं की प्रत्येक कडी सुटी वस्तू होती. सुट्या वस्तूंसाठी ब्राउझर चिपला दर फ्रेमला वेगवेगळा निरोप धाडतो, त्याला ड्रॉ कॉल म्हणतात. २४० निरोप नुसत्या साखळ्यांचे. सगळ्या कड्या निवडून जोडून एक वस्तू केली, निरोप एक झाला.

तरी एका स्वस्तातल्या फोनवर पान दोनदा आपोआप रीलोड होऊन बंद पडलं. फाइल तर १५ एमबीच्या आतच होती. इथे बहुतेक नवे लोक फसतात, मीही फसलो. फाइलीचं वजन वेगळं आणि फोनच्या मेमरीतलं वजन वेगळं. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं चित्र, जेपीईजीत दीड-दोन एमबीत बसेल, पण ग्राफिक्स चिपला जेपीईजी कळत नाही. तिला प्रत्येक पिक्सेलचे ४ बाइट उघडे करून द्यावे लागतात. झाले ६४ एमबी. लांबून बघण्यासाठी त्याच चित्राच्या लहान लहान प्रती बनतात, त्या धरल्या की ८५. बंगईला तीन मटेरियल होती: साग, पितळ, गादीचं कापड. प्रत्येकाला रंग, उठाव आणि चकाकी अशी तीन चित्रं. नऊ गुणिले ८५ करा, ७६५ एमबी! एका बंगईसाठी. सगळी चित्रं १०२४ वर आणली तेव्हा तोच हिशेब ४८ एमबीवर आला. फोनच्या पडद्यावर बंगई दिसते चार बोटं रुंद, तिथे १०२४ पुरतात.

याच्याही पुढे जायचं असेल तर केटीएक्स-२ नावाचं टेक्स्चर फॉरमॅट आहे. ते चिपच्या मेमरीतही दाबलेलंच राहतं, म्हणून साधारण चौथ्या हिश्शात किंवा त्याहून कमीत भागतं. ड्रॅको हा शब्द तुम्हाला सगळीकडे दिसेल. तो फक्त आकार दाबतो, टेक्स्चरला हात लावत नाही, आणि उलगडायला ब्राउझरला वेगळा डिकोडर उतरवून घ्यावा लागतो. खुर्ची-स्टुलासाठी मी तो वापरतच नाही. जीएलटीएफ-ट्रान्सफॉर्म नावाचं फुकट टूल ही सगळी छाटणी कमांड लाइनवरून करून देतं, ते मात्र आधी शिका.

माझ्या फजितीचे आणखी दोन प्रकार. सागाचे रेषे मी ब्लेंडरमध्ये नोड जोडून गणिताने काढले होते. ब्लेंडरमध्ये देखणे दिसत होते, पण जीएलबीत पाट पांढराफटक. ते नोड बाहेर जातच नाहीत, आधी बेक करून, म्हणजे चित्रात उतरवून घ्यावे लागतात. आणि माप. मुळातला नकाशा मिलिमीटरमध्ये होता, जीएलटीएफ मात्र एक एकक म्हणजे एक मीटर धरतं. १८३० मिलिमीटरचा पाट १८३० मीटरचा झाला. दुकानातल्या मिस्त्रीने फोनमध्ये पाहिलं. पडद्यावर नुसतं लाकूडच लाकूड. म्हणाला, "भाऊ, ही बंगई हाये का पूल?" नागपूरच्या झिरो माइलला एक टोक टेकवलं असतं तर दुसरं बर्डी, म्हणजे सीताबर्डी, ओलांडून गेलं असतं.

आता टूल. तुम्हाला एक वस्तू फिरवून, जवळ आणून दाखवायची आहे. त्यासाठी गूगलचं मॉडेल-व्ह्यूअर घ्या, ते मुक्त स्रोत आहे. पानात एक टॅग टाकायचा, जीएलबीचा पत्ता द्यायचा, लोड होईपर्यंत दाखवायचा फोटो द्यायचा, काम झालं. आतून ते थ्री-जेएसच वापरतं. एकाच सोफ्याची तीन कापडं दाखवायची तर तीही एकाच जीएलबीत मटेरियल व्हेरियंट म्हणून मावतात, तीन फाइली लागत नाहीत. दुकानाची नव्वद टक्के गरज इथेच भागेल असं माझं मत आहे.

थ्री-जेएस तेव्हा घ्या, जेव्हा काका म्हणतील की गिऱ्हाइकाला स्वतःच कपाटाचे खण जोडता आले पाहिजेत आणि किंमत बाजूला बदलली पाहिजे. शिकायला मजा येते, मीही रोज त्यातच असतो. पण त्याच्या आवृत्त्या भराभर येतात आणि जुन्या गोष्टी बिनदिक्कत मोडतात. यूट्यूबवरचा चार वर्षांपूर्वीचा धडा तसाच्या तसा चालत नाही तो यामुळे. जी आवृत्ती घ्याल तिचा आकडा प्रोजेक्टमध्ये पक्का करून टाका. आणखी एक, थ्री-जेएसमध्ये पितळ काळंठिक्कर दिसलं तर मटेरियलला दोष देऊ नका. धातूला स्वतःचा असा रंग फार थोडा, तो आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतो. सीनला एन्व्हायर्नमेंट म्हणून आजूबाजूच्या उजेडाचं एक एचडीआर चित्र दिलं नसेल तर दाखवायला काही नसतंच. मॉडेल-व्ह्यूअरमध्ये ते आधीच बसवलेलं असतं.

बॅबिलॉन चांगलं आहे. जुना कोड मोडू नये याची काळजी ते लोक जास्त घेतात, आणि चूक शोधायचा इन्स्पेक्टर झकास. गेमसारखं काही करायचं असेल तर जरूर. युनिटी नको. रिकामा सीन वेबवर काढला तरी कित्येक एमबी आधी उतरवावे लागतात, आणि एक पलंग बघायला एवढा वेळ कोण थांबतं!

फोनच्या कॅमेऱ्यातून आपल्या खोलीत पलंग ठेवून बघायची सोय, म्हणजे एआर, काकांना नक्की आवडेल. अँड्रॉइडला तीच जीएलबी चालते, फोन गूगलच्या एआरकोरच्या यादीत असला की झालं. आयफोनला ॲपलचं यूएसडीझेड लागतं, २०१८ पासूनचं. मॉडेल-व्ह्यूअर जीएलबीवरून ते जागच्या जागी बनवून देतं, पण रंग-चकाकी आयफोनवर स्वतः तपासा, नाही जमलं तर वेगळी यूएसडीझेड जोडा. फर्निचरसाठी एआरमधलं माप फिक्स ठेवा. नाहीतर माणूस चिमटीने पलंग लहान करतो, खोलीत बसवतो, आणि डिलिव्हरीच्या दिवशी दारात भांडण.

यादीच्या पानावर चोवीस वस्तू असतील तर चोवीस जिवंत थ्री-जेएस चौकटी टाकू नका. क्रोम कॉम्प्युटरवर एका वेळी साधारण सोळाच वेबजीएल कॉन्टेक्स्ट, म्हणजे अशा जिवंत चौकटी, चालू ठेवतो, पुढचा उघडला की सर्वांत जुना बंद पडतो, आणि पहिल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. यादीत फोटो ठेवा, क्लिक केल्यावर मॉडेल. एचटीएमएल फाइल डबल-क्लिक करून उघडलीत तर मॉडेल येणारच नाही, लोकल सर्व्हर लावून बघा. आणि फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा. विंडोजला मोठं-लहान अक्षर सारखंच वाटतं, लिनक्स सर्व्हरला वाटत नाही. यापायी मी एक अख्खी रात्र घालवली आहे.

सगळ्याच वस्तू थ्रीडीत करायच्या भानगडीतही पडू नका. पलंगाच्या डोक्याकडे बारीक कोरीव नक्षी असेल तर ती हाताने मॉडेल करायला आठवडा जातो आणि तरी प्लास्टिकची दिसते. फोटो काढून मॉडेल बनवणारी ॲप्स पॉलिशच्या चकाकीवर आणि पितळेवर गडबडतात. अशा वस्तूला फिरत्या पाटावर ठेवा, दर दहा अंशांना एक असे ३६ फोटो काढा, बोटाने सरकवले की फिरल्यासारखं दिसतं. कोरीव कामाला मी गिऱ्हाइकाला हेच सुचवतो.

चाचणी स्वतःच्या लॅपटॉपवर करून खूश होऊ नका. काकांच्या दुकानात पॉलिश मारणाऱ्या पोराचा फोन मागा, तोही मे महिन्यात, भर दुपारी. पंचेचाळीस अंशांत फोन आधीच तापलेला असतो आणि तापला की चिपचा वेग तो स्वतःच कमी करतो. एसीत मस्त फिरणारी आमची बंगई शटरजवळ उभं राहून पाहिली तर अडखळत होती. मग गादीचं टेक्स्चर ५१२ वर आणलं, सावली थेट पाटाच्या चित्रात बेक करून टाकली, फाइल पावणेतीन एमबीची झाली, तेव्हा कुठे त्या पोराच्या फोनवर नीट झुलली.