विहिरीवरची नऊ मोहोळं आणि मोबाइलवरच्या ‘किलर’ माश्या

शेतकरी बंधू-भगिनींनो,

गेल्या पंधरवड्यात मधमाश्यांबद्दल तीन प्रश्न आले. पहिला एका कांदा उत्पादकाचा : “साहेब, विहिरीवरच्या वडाला नऊ आग्या मोहोळं लागलीत. परवा मोटार चालू करायला गेलेल्या गड्याला माश्यांनी फोडून काढलं. मोबाइलवर व्हिडिओ आलाय की आफ्रिकेतल्या किलर माश्या भारतात पसरल्यात. ह्या त्याच का? औषध मारू का?” दुसरा डाळिंबवाल्या ताईंचा : बागेत भाड्याने मधपेट्या ठेवल्यात, त्यातल्या माश्यांचा असल्या रानटी माश्यांशी संकर होऊन त्या पिसाळणार तर नाहीत? तिसरा एका आजोबांचा, एका ओळीचा : बैल दावणीला असताना माश्या उठल्या तर काय करायचं?

व्हिडिओचं आधी उरकतो. त्यातली गोष्ट खरी आहे, पण ती ब्राझीलची. तिथल्या युरोपियन माश्या उष्ण हवेत मध कमी देत, म्हणून १९५६ मध्ये वॉरविक केर या आनुवंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतून राणीमाश्या आणल्या. रिओ क्लारोजवळ त्यांच्या पेट्यांच्या दारांना राणी बाहेर पडू नये म्हणून जाळ्या लावलेल्या होत्या. १९५७ मध्ये कोणीतरी त्या काढल्या आणि २६ थवे राण्यांसकट रानात गेले. पुढे स्थानिक माश्यांशी संकर होत ही जात काही भागांत वर्षाला ३०० ते ५०० किलोमीटर सरकत गेली. १९८६ च्या सुमारास मेक्सिको, ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेतलं टेक्सास. तिच्या एका डंखातलं विष साध्या माशीपेक्षा जास्त जहाल नाही. फरक स्वभावात : लवकर चिडते, शंभराऐवजी हजारांनी येते आणि लांबवर पाठलाग करते. ब्राझीलच्या मधपाळांनी मात्र हात टेकले नाहीत. पेट्या घरांपासून दूर नेल्या, मोठे धुराडे आणि जाड कपडे वापरायला शिकले, आणि आज त्यांचा मधधंदा याच माश्यांवर चालतो.

ही जात अमेरिका खंडातली. भारतात तिचा पसारा नाही.

ताई, तुमच्या पेटीतली मेलिफेरा माशी मूळची युरोपियन वंशाची. १९६२ पासून नगरोटा बगवां भागात, आताच्या हिमाचलात, तिचं बस्तान बसलं आणि तिथून ती देशभर गेली. आग्यामाशी ही वेगळीच प्रजाती आहे. दोघींचा संकर होत नाही, जसा म्हशीचा गाईशी होत नाही. ती काळजी सोडा. बागेत फवारणी असेल तेव्हा पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगा आणि फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करा. एक मात्र बजावतो. परदेशी जातिवंत राणी कुरिअरने मागवून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला उभं करू नका. बाहेरची माशी आणणं म्हणजे काय, हे ब्राझीलने पाहिलंय; परवानगी आणि तपासणीशिवाय तर नकोच.

आता वडाकडे वळू. तुमच्या विहिरीवर आहे ती आपली आग्यामाशी, पिढ्यान् पिढ्यांची. दिवाळीनंतर फुलोरा वाढला की येते, पावसाच्या तोंडावर जंगल-डोंगराकडे निघून जाते. एकाच झाडाला दहा-वीस मोहोळं लागणं हे तिच्या स्वभावातच आहे, त्यामुळे नऊचा आकडा पाहून ‘काहीतरी नवीन पसरलंय’ असं समजू नका.

कधी शंभर-दीडशे फुटांवर शांत उभं राहून पाहा. पोळं दिसतच नाही, दिसतो तो माश्यांचाच काळपट पडदा, परडीएवढा नाहीतर पाटाएवढा. जवळून गांधीलमाशी गेली की त्या पडद्यावरून एक लाट सळसळत जाते, वाऱ्याने गव्हाचं रान हलावं तशी. हजारो माश्या एकापाठोपाठ एक पोटं वर उचलतात, त्याची ती लाट. पुढे येऊ नका, असं सांगण्याची ती रीत. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते.

मग परवा का नाही संपली? त्या गड्याला फोनवर खोदून विचारलं. आधी म्हणाला, काही केलं नाही. मग म्हणाला, विहिरीच्या कडेचा पालापाचोळा पेटवला होता. झालं! धूर सरळ वर गेला. पाचट पेटवणं, पोरांचे दगड, फटाके ही नेहमीची कारणं. कधी मधुबाज हा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो आणि राग खालून जाणाऱ्यावर निघतो, त्यात तर माणसाचा काहीच दोष नसतो.

औषध मारू का? अजिबात नको. पंपाचा फवारा लागलेली माशी लगेच मरत नाही. आधी उठते आणि पंपवाल्याकडेच येते, आणि तो तेव्हा शिडीवर असतो. खाली विहीर आहे, तिचं पाणी जनावरं पितात. शिवाय तुमचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी ठेवलेले कांद्याचे फुलदांडे, फुलोऱ्यावर आहेत ना? कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे त्याच फुलाचा पराग त्याला उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलावरून आणून द्यावा लागतो. ते काम बिनपगारी कोण करतं? जिच्यावर औषध मारायला निघालात तीच. मशालीने जाळायचंही मनात आणू नका. अंधारात खाली पडलेल्या माश्या उजेडाकडे आणि माणसांच्या अंगावर येतात, वाचलेल्या सकाळी गावभर होतात.

त्यापेक्षा स्टार्टरची पेटी वडापासून लांब घ्या किंवा मोबाइल स्टार्टर बसवा, म्हणजे झाडाखाली जाणंच नको. नाइलाजाने जावं लागलं तर दिवस उगवायच्या आधी, गारव्यात, अत्तर-सेंट न लावता, आणि वर बॅटरी न मारता जा. चांदण्या रात्री ही माशी जागी असते, हेही ध्यानात ठेवा. मोहोळ शाळेवर किंवा घराच्या तोंडाशी असेल तरच काढायचं, तेही शिकलेल्या माणसाकडून. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मधसंचालनालय यांच्याकडे विचारा.

आणि उठल्याच तर पळा. हात झाडत उभं राहायचं नाही, आडवं पडायचं नाही. उपरणं, पदर, गोणपाट, मिळेल त्याने तोंड झाकून सरळ रेषेत पळत घरात किंवा गाडीत शिरा आणि दार लावा. विहिरीत उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात, डोकं वर काढलं की पुन्हा. डंख बसतो तिथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात, म्हणून आधी अंतर तोडायचं आणि मग नांग्या काढायच्या. तुटलेली नांगी मिनिटभर विष ओतत राहते. नखाने खरवडा की चिमटीने ओढा हा वाद घालत बसू नका, जसं जमेल तसं पण पटकन काढा. चुना लावू नका, गार पाणी किंवा बर्फ पुरे.

श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, चक्कर आली तर डंख एकच असला तरी १०८ ला फोन करा. डंख पन्नासाच्या वर असतील, किंवा लहान मुलाला-म्हाताऱ्याला दहा-पंधरा असतील, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंडावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू शकतो. लघवी चहाच्या रंगाची झाली तर घरी थांबायचं नाही.

आजोबा, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड. माणूस पळतो, दाव्याचा बैल जागेवर मरतो. म्हणून मोहोळाच्या झाडाखाली किंवा त्याच्या आसपास जनावर बांधूच नका, सावली कितीही दाट असो. गोठ्यात एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा आणि कोयता दाराच्या आतल्या खुंटीला अडकवलेला असू द्या. माश्या नुकत्या उठल्या असतील तर दावं कापा, बैल आपला रस्ता काढेल. पण त्याच्या अंगावर थर बसला असेल तर परत जाऊ नका. बैल गेला तर गेला म्हणायला माझीही जीभ रेटत नाही, पण मालक बैल सोडवायला गेला आणि मालकच गेला, असंही मी पाहिलंय. शांत झाल्यावर जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा, विशेषतः डोळ्यांजवळ आणि नाकपुडीत डंख असतील तर.

वडावरच्या मोहोळांचं आता एवढंच. पहिल्या पावसाच्या सुमारास माश्या निघून जातील, फांद्यांना मेणाची रिकामी पोळी राहतील. सगळ्या गेल्याची खात्री दोन-तीन दिवस लांबून करा, मग ती पोळी आणि फांदीवरचं मेण खरवडून काढा. आग्यामाशी वर्षानुवर्षं त्याच झाडावर परत येते. मेण काढलं तर पुढच्या दिवाळीनंतर येणारच नाहीत अशी हमी मी देत नाही, पण स्टार्टरची पेटी तोवर हललेली असू द्या.

— आपला, तालुका कृषी अधिकारी