माल हाताने बनवलेला आणि चांगला असेल, तर लोगो-पॅकिंगवर खर्च करायची खरंच गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की सावंतवाडीजवळ घरीच करवंटीच्या आणि लाकडाच्या वस्तू करता, दोन दुकानांत माल ठेवता, आणि एका डिझायनरने लोगो, पेटी, पिशवी सगळं मिळून पंचवीस हजार सांगितलेत. तेवढ्यात पॉलिशचं मशीन येतं. "माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपोआप परत येतं ना?" असा तुमचा शेवटचा प्रश्न आहे.

मशीन घ्या. पण त्यातले चार-पाच हजार बाजूला काढून आधी मालावर स्वतःची खूण उमटवा. आणि गिऱ्हाईक आपोआप परत येत नाही. त्याला यायचं असलं तरी येता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला राहते. नऊ वर्षं करवंटीचं काम करते: डवल्या (दांडा लावलेले करवंटीचे डाव), वाट्या, पणत्या, क्वचित दिवे. पहिली तीन वर्षं मालावर काहीच नसायचं. मालवणातल्या एका दुकानात ठेवायचे, दुकानदार पैसे द्यायचा, विषय संपला. मग एकदा पुण्यात एका प्रदर्शनात टेबल मिळालं. तिथे एक बाई आल्या, वाटी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ही कड तुमची का? मी वर्षभर तुम्हाला शोधतेय." आदल्या मे महिन्यात त्यांनी मालवणात माझ्या दोन डवल्या घेतल्या होत्या. सुनेच्या माहेरी द्यायला आणखी बारा हव्या होत्या. मैत्रीण मालवणला जाणार होती, तिला फोटो देऊन त्याच दुकानात पाठवलं. दुकानदाराने दुसऱ्याच कोणाच्या बारा डवल्या बांधून दिल्या. त्यातल्या चारांचे दांडे महिनाभरात सैल झाले.

दुकानदाराची चूक आहे असं मला वाटत नाही. त्याच्यासाठी डवली म्हणजे डवली. चूक माझी होती. त्या बाईंच्या हातात माझी वस्तू होती, पण मी कोण हे तिच्यावर कुठेच नव्हतं.

घरी आल्यावर हे सासऱ्यांना सांगितलं. आमची आंब्याची थोडी बाग आहे. सासरे हसले आणि माळ्यावरून जुन्या पेटीची एक फळी काढून दाखवली. तिच्यावर काळ्या रंगात त्यांच्या वडिलांची दोन आद्याक्षरं आणि खाली एक आडवी रेघ. आमचा मार्का. वाशीच्या दलालाकडे बागायतदाराचा चेहरा कोणी बघत नाही, पेटीवरचा मार्का बघतात. गेल्या खेपेला या मार्क्याच्या पेटीत खालच्या थरातही वरच्यासारखाच आंबा निघाला होता, एवढं लक्षात असलं की भाव बरा लागतो. मी म्हटलं, अक्षरं जरा नीट काढून रंगीत करूया का? तर म्हणाले, "मार्को बदललंस तर दलाल पेटी कशी वळाखतलो गो?"

ब्रँडिंग या शब्दाने जे काही सांगतात ते मला त्या फळीवर कळलं. तो मार्का काही सुंदर नाही. पण पन्नास वर्षं तोच आहे, लांबून दिसतो, आणि प्रत्येक पेटीवर आहे.

आता हाताच्या कामाची गंमत बघा. कारखान्यातले शंभर चमचे एकसारखे असतात, त्यांना बघूनच ओळखता येतं. माझ्या शंभर डवल्यांत दोन सारख्या नाहीत. एक करवंटी लांबट, एक गोल, एकीचा रंग काळपट, एकीवर रेषा. गिऱ्हाइकाला हेच आवडतं आणि याच कारणाने ते आपल्याला विसरतं, कारण लक्षात ठेवायला ठरलेलं असं काही नसतं. म्हणून खुणेची गरज कारखान्यापेक्षा आपल्याला जास्त आहे. वस्तू बदलत राहणार, तर निदान एक गोष्ट न बदलणारी हवी.

तुम्ही सावंतवाडीचे, तुम्हाला तर उदाहरण घराशेजारी आहे. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवतात ते पाहिलं असेलच. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकाची बारा पानं. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. आणि प्रत्येक अवताराच्या पानांची जमीन, म्हणजे चित्रामागचा भाग, वेगळ्या रंगाची. हातात पानं पसरली की चित्र नीट बघायच्या आधी जमिनीच्या रंगावरूनच पान कुठलं ते कळतं. पान हाताने रंगवलेलं, म्हणजे प्रत्येक मासा थोडा वेगळा, पण जमिनीचा रंग ठरलेला. काय बदलू द्यायचं आणि काय नाही, हे त्या चितारांना पक्कं ठाऊक होतं.

तुमच्या गावची लाकडी फळं बघा. दिवाणखान्यातल्या टोपलीत ती दिसली की महाराष्ट्रात कोणीही सांगेल, ही सावंतवाडीची. मात्र चितारआळीतल्या कुठल्या घरातली, हे सांगता येत नाही. गावाला नाव मिळालं, करणाऱ्याला नाही. हापूसचं तेच झालं. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (मालाचं नाव त्याच्या प्रदेशाशी जोडणारी सरकारी नोंद) मिळालं ते कोकणाच्या हापूसला, तुमच्याआमच्या बागेला नव्हे. म्हणून पेटीवर मार्का लागतोच. आणि देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने तर २०२५ च्या हंगामात थेट फळावरच वेगवेगळ्या क्रमांकाचे स्टिकर लावायला घेतले, कारण देवगडचं नाव छापलेल्या पेटीत बाहेरचा आंबा भरून विकला जातोय ही तक्रार जुनी आहे. पेटी बदलता येते. फळावरची खूण त्यामानाने टिकते. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझी पहिली फजिती. मुंबईच्या भाच्याने हौसेने लोगो करून दिला: माड, मावळता सूर्य, होडी, आणि कोपऱ्यात उडी मारणारा डॉल्फिन. पाच रंग. मोबाइलवर छान दिसायचा. हजार स्टिकर छापले. दोन सेंटिमीटरच्या स्टिकरवर डॉल्फिनचा झाला ठिपका आणि होडीची झाली चप्पल. त्याहून वाईट म्हणजे तारकर्लीला गेले, तर चहाची टपरी, स्कूबावाला, होमस्टे, सगळ्यांच्या फलकांवर तोच माड आणि तोच सूर्य. मी स्वतःचा माल गर्दीत नेऊन ठेवला होता, तोही पैसे खर्चून.

मग मृग लागला. करवंटीला आपण खोबरेल चोळतो. तेलावर डिंक धरत नाही, त्यात आपल्याकडची हवा. आषाढात स्टिकरच्या कडा उचलल्या, श्रावणात त्याखाली बुरशी, आणि गणपतीला चाकरमानी आले तेव्हा निम्म्या वाट्यांवर पांढऱ्या कागदाचे चट्टे उरले होते. ते खरवडताना माझी एक चुलतजाऊ म्हणाली, "ह्यापेक्षा काय नसलेला बरा होता." खरंच होतं.

आज माझी खूण आहे तीन ठिपके. नारळाचे तीन डोळे. पितळेचा छोटा शिक्का करून घेतला, सोल्डरिंगच्या इस्त्रीला (तारा जोडायच्या तापत्या अवजाराला) बसवला, आणि करवंटीच्या बाहेरच्या बाजूला दांड्याजवळ तो तापवून डाग देते. शिक्का आणि इस्त्री मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. सुटत नाही, तेलाने जात नाही, भांडी घासताना जात नाही, आणि कोणी काढून स्वतःचं नाव चिकटवू शकत नाही. फळावरची खूण म्हटलं ती हीच. तुमचा मालही लाकूड-करवंटीचाच आहे, तेव्हा तुम्हालाही डागच सुचवीन. आधी फुटक्या करवंट्यांवर हात बसवा. इस्त्री जास्त तापली की रेघा एकमेकींत मिसळतात, म्हणून चित्र जितकं साधं तितकं बरं. माझी परीक्षा एकच: ही खूण सात वर्षांच्या मुलाला एकदा दाखवून, मग न बघता अंगणातल्या मातीत काढायला सांगायची. काढता आली तर ठेवायची.

पॅकिंगबद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. खाकी कागद, सुतळी आणि वर इंग्रजीत 'हँडमेड' हे आता सगळीकडे इतकं झालंय की ते कोणाचंच राहिलेलं नाही. मी साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळते आणि आमसुली रंगाची पट्टी लावते. पट्टी एका रंगात छापायची असल्याने स्वस्त पडते. पाच वर्षं तोच रंग. दरवर्षी बदलावासा वाटतो, पण सासऱ्यांचं वाक्य आठवतं. कागदी पिशवीवर मात्र तीन ठिपके मोठे छापलेत, कारण ती पिशवी कोकणकन्येत, मग दादरच्या फलाटावर, मग कोणाच्या तरी ऑफिसात फिरते. एवढी जाहिरात मला विकत परवडली नसती.

पट्टीच्या आत एक चिठ्ठी असते: करवंटी कुठली, दांडा कसला, धुवायची कशी, उन्हात ठेवू नका, सहा महिन्यांनी खोबरेल लावा. चिठ्ठी सुरू केल्यावर "केवढ्याला? नुसती करवंटीच तर आहे" हे ऐकणं कमी झालं. एका डवलीला किती वेळ लागतो हे गिऱ्हाइकाला आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं?

आता अवघड भाग. दुकानदार. मी पहिल्यांदा फोन नंबर असलेली पट्टी लावून माल नेला, तर एकाने सगळ्या पट्ट्या काढायला लावल्या. गिऱ्हाईक थेट तुमच्याकडे जाईल, मग मला काय? त्याचंही बरोबर आहे, तो भाडं भरतो. दुसरा म्हणाला, माझ्या दुकानाचं नाव टाका, जास्त माल घेतो. मोह झाला, पण तिथे नाही म्हणा. काही दिवसांनी त्याच नावाखाली तो दुसऱ्याचा माल विकेल आणि तुम्ही होता हे कोणाला आठवणारही नाही. मी तडजोड केली: त्या दुकानात सुटा माल, पट्टी नाही, पण डाग राहणार. आणि मी बाहेर विकते तो भाव दुकानातल्या भावापेक्षा कमी कधीच ठेवत नाही. हे पाळलं तेव्हा त्याचा राग गेला. पाकीटबंद माल असेल तर प्रश्नच नाही. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किती, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे कायद्यानेच छापावं लागतं. तेव्हा तो मजकूर पहिल्यापासून पट्टीच्या रचनेत धरा. नाहीतर माझ्यासारखं नंतर पेनाने लिहीत बसाल.

लाकडी खेळणी करत असाल तर आणखी एक. २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. कारागीर ओळखपत्र काढलं नसेल तर आधी ते काढा, लोगो नंतर.

नाव नोंदवायचं का? मी दोन वर्षं थांबले. नाव टिकतंय, लोक घेतायत असं दिसल्यावर ट्रेडमार्कचा अर्ज केला. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण. वर्ग नीट बघा: लाकडी वस्तू, स्वयंपाकघरातल्या वस्तू आणि खेळणी हे वेगवेगळ्या वर्गांत येतात, एकात भरून दुसऱ्यात संरक्षण मिळत नाही. नुसतं गावाचं नाव स्वतःच्या नावावर करून घ्यायला जाऊ नका, अडकतं.

फोटोंचं थोडक्यात. घरची चिऱ्याची भिंत, सकाळचा पडवीतला उजेड, आणि वस्तू कोणाच्या तरी हातात. हातामुळे आकार कळतो. रंग गडद करणारे फिल्टर लावू नका, एकदा लावले तर आठ वाट्या परत आल्या, "फोटोत काळ्या होत्या" म्हणून. पाठवायचा खर्च माझ्याच अंगावर.

एक इशाराही देते. खूण लावली की तक्रारही पत्ता शोधत येते. पूर्वी दांडा सुटला तर लोक दुकानदाराला किंवा नशिबाला बोल लावायचे, आता मला फोन येतो. पहिल्या वर्षी अकरा दांडे बदलून दिले, फुकट. त्यातूनच कळलं की मी बांबू पुरता सुकवत नव्हते.

तर पंचवीस हजारांचं असं करा. मशीन घ्या. शिक्का घडवा. एका रंगातली पट्टी छापा, पहिल्या खेपेला पाचशेच, कारण काहीतरी चुकणारच. डिझायनरला पूर्ण काम देऊ नका, फक्त खूण आणि अक्षरं नीट काढून द्यायचे किती ते विचारा, आणि मूळ फाइल मागून घ्या, नाहीतर प्रत्येक छपाईला त्याचे पाय धरावे लागतात. छपाई आणि डाग दोन्ही आता पावसाळ्यात करू नका. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की घ्या, म्हणजे दिवाळीच्या पर्यटकांपर्यंत पहिला माल दुकानात जाईल.